तुपाची वाटी आणि आठ आणे : एक मालिका-अभिनेत्री, मुंबईचे कुत्रे आणि दोनशे वर्षांचा वाद

१/
मे २०२०. टाळेबंदीचा तिसरा महिना. मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद, उपाहारगृहांना कुलपे, नाक्यावरच्या चहाच्या टपऱ्या ताडपत्रीखाली. अशा दिवसांत समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरू लागली. तीत एका ओळखीच्या चेहऱ्याच्या अभिनेत्रीने आपले डोके भादरून घेतले होते. ही कोणत्या भूमिकेची तयारी नव्हती. भर उन्हाळ्यात तोंडावर मुखपट्टी बांधून ती रोज रस्त्यावर उतरत होती, भटक्या जनावरांना खाऊ घालत होती, आणि घरी परतल्यावर केसांची निगा राखणे तिला जड जात होते. म्हणून केसच उतरवले.

२/
ती अभिनेत्री म्हणजे जया भट्टाचार्य. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेतील पायल. ज्या घरांत रात्री साडेदहाला दूरचित्रवाणी संच सुरू असे, त्या घरांत पायलचे नाव घेताच आजही कुणीतरी नाक मुरडते. मिहीर विराणीशी तिचे लग्न ठरलेले असते, तो तुळशीशी विवाह करतो, आणि दुखावलेली पायल पुढे सूडाची बाहुली होते. देशभरच्या प्रेक्षकांनी मनापासून जिचा राग केला, तीच बाई वीस वर्षांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी भात घेऊन फिरत होती.

३/
ही गोष्ट एका कलावतीच्या दयाळूपणापुरती मर्यादित नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरी देणाऱ्या माणसाला मुंबईत कुणी हात जोडते, तर कुणी त्याच्या अंगावर धावून जाते. एवढ्या साध्या कृतीवरून इतके प्रेम आणि इतका संताप का, हे समजून घ्यायचे तर जयाबाईंपासून मागे, थेट १८३२ पर्यंत जावे लागते. त्या वर्षी याच शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली होती.

४/
त्याआधी मराठी मनातल्या दुहेरी भावनेची नोंद घेऊ. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान असतात. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो. आणि तरीही 'कुत्र्याच्या मौतीने मेला' हा आपल्या भाषेतला जबर शाप आहे. देवाजवळ बसवलेल्या प्राण्याला उंबऱ्याबाहेर हाकलणे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने एकाच वेळी केल्या.

५/
आता १८३२. मुंबई कंपनी सरकारच्या ताब्यात होती. शहरात मोकाट कुत्रे पुष्कळ, आणि पिसाळलेला कुत्रा चावला तर मृत्यू ठरलेला. लस सापडायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती. वर्षातील उष्णतेच्या ठरावीक काळात मोकाट कुत्रे मारण्याची मुभा देणारा नियम १८१३ पासून लागू होता. १८३२ च्या उन्हाळ्यात दंडाधिकाऱ्यांनी त्या काळाची मुदत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत.

६/
आठ आण्यांनी व्हायचे तेच झाले. मोकाट आणि पाळीव हा भेद मिटला. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या अंगणांत, घरांत शिरून कुत्रे मारू लागले, अशा तक्रारी वाढल्या. पारशी समाजाला हे असह्य होते. जरथुश्ती धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो. माणूस गेल्यावर त्याच्या देहासमोर कुत्रा आणून त्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' नावाचा विधी असतो. त्यात कुत्र्यांची कत्तल चालू असतानाच पारशांचा एक पवित्र दिवस आला.

७/
६ जून १८३२. फोर्ट भागात जमावाने कुत्रे मारणाऱ्या शिपायांना गाठले आणि चोपले. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, हरताळ. बाजार बंद झाले. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही त्यात उतरले. गोऱ्या फौजेला जाणारी रसद अडवली गेली. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, लष्कर बोलावले गेले, धरपकड झाली. नंतर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी सरकार आणि समाज यांच्यात मध्यस्थी केली. कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावेत, असा मार्ग पुढे आला.

८/
इतिहासकार या घटनेला 'मुंबईची कुत्र्यांची दंगल' म्हणतात. तिच्याकडे केवळ धर्मभावनेचा उद्रेक म्हणून पाहणे अपुरे आहे. आपल्या अंगणात सरकारी शिपाई कुठवर शिरू शकतो, हा प्रश्नही तीत होता. त्याचबरोबर सरकारची भीतीही खोटी नव्हती, कारण पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश हा खरोखरच यमदूत होता. दोन्ही बाजू एका परीने बरोबर होत्या. म्हणूनच हा वाद त्या दिवशी संपला नाही, आणि पुढेही संपला नाही.

९/
दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. जैन व्यापारी मोतीशा अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई हे त्यामागचे प्रमुख आश्रयदाते. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरे तिथे मरेपर्यंत सांभाळली जात. चेंबूरच्या ज्या भागाला आज आपण 'पांजरापोळ' म्हणतो, ते नाव या परंपरेतूनच आले.

१०/
१८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी स्थापन झाली. पाठोपाठ गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले. परळच्या आवारात ते आजही चालू आहे. १८९० मध्ये प्राणिक्रौर्य रोखणारा देशव्यापी कायदाही आला. पण त्या काळच्या दयेचा रोख मुख्यतः घोडा, बैल आणि गाय यांच्याकडे होता. ट्राम ओढणारा घोडा सर्वांना दिसे. उकिरड्यावरचा कुत्रा मात्र उपद्रवातच मोजला जाई.

११/
स्वातंत्र्यानंतर या विषयाला संसदेत वाचा फोडली ती एका कलावतीनेच. भरतनाट्यम रंगमंचावर आणून त्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या, 'कलाक्षेत्र'च्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या. १९५३ मध्ये त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी खासगी विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी हेतूचे स्वागत केले, सरकार स्वतः व्यापक कायदा आणील असे आश्वासन दिले आणि विधेयक मागे घेण्याची विनंती केली. त्यांनी ते मागे घेतले. शब्द पाळला गेला, पण त्याला १९६० साल उजाडावे लागले.

१२/
१९६० च्या कायद्यानुसार १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले, आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारले होते. त्यांनी नकार दिला. रंगमंचावर मिळवलेली प्रतिष्ठा मुक्या जिवांच्या कामी लावण्याची भारतातली वाट त्यांनी आखली. पुढे अनेक अभिनेत्री त्या वाटेने गेल्या. हैदराबादेत 'ब्लू क्रॉस' सुरू करणाऱ्या अमला अक्किनेनी हे त्यातले ठळक नाव.

१३/
परंतु या कायद्यात एक मोठी मेख होती. क्रौर्य कशाला म्हणावे हे सांगणाऱ्या कलम ११ मध्येच काही अपवाद दिले आहेत. त्यातला एक असा, की मोकाट कुत्र्यांना मृत्युकक्षात किंवा ठरवून दिलेल्या अन्य पद्धतीने मारणे हे क्रौर्य मानले जाणार नाही. म्हणजे प्राणिदयेच्या कायद्याच्या पोटातच कुत्र्यांच्या हत्येला जागा होती. मुंबई महापालिका त्यानंतरही कित्येक वर्षे कुत्रे पकडून विजेच्या धक्क्याने मारत राहिली.

१४/
इतके मारूनही कुत्रे कमी का होत नव्हते? उत्तर कुत्र्याच्या स्वभावात आहे. प्रत्येक टोळीचा आपला इलाखा असतो. एका गल्लीतले कुत्रे उचलले की तिथला कचरा, खाटकाच्या दुकानाबाहेरचे तुकडे, आडोसा हे सगळे जागच्या जागी राहते, आणि शेजारच्या गल्लीतले कुत्रे ती मोकळी जागा व्यापतात. मादी वर्षातून दोनदा विऊ शकते. एका वेळी चार-सहा पिल्ले. मारण्याचा वेग जन्माच्या वेगाला गाठू शकत नाही. १८३२ च्या आठ आण्यांपासून पुढे दीडशे वर्षे हा हिशेब चुकतच राहिला.

१५/
यावर दुसरा उपाय मद्रासच्या 'ब्लू क्रॉस'ने १९६४ मध्येच मांडला होता. कुत्रा पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, आणि जिथून उचलला तिथेच परत सोडा. तो आपला इलाखा राखतो, नव्या कुत्र्यांना आत येऊ देत नाही, त्याला पिल्ले होत नाहीत आणि त्याच्यातून रेबीज पसरत नाही. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनीही नुसत्या हत्येने प्रश्न सुटत नसल्याचे सांगितले. मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' या संस्थेने याच उपायाचा पाठपुरावा केला.

१६/
१९९४ मध्ये मुंबईत हत्या थांबली आणि नसबंदी सुरू झाली. डिसेंबर २००१ मध्ये केंद्राने श्वान जन्मनियंत्रण नियम काढून हीच पद्धत देशभर लागू केली. तंटा तरीही मिटला नाही. महापालिकेच्या कायद्यात उपद्रवी कुत्रे मारण्याचा अधिकार आहे, मग केंद्राचे नियम मोठे की तो अधिकार? २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने पालिकेच्या अधिकाराच्या बाजूने कौल दिला. २००९ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

१७/
या साऱ्या घडामोडींच्या ऐन मध्यावर, ३ जुलै २०००ला, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. 'सोप ऑपेरा' हा शब्द अमेरिकेतला. १९३०च्या दशकात तिथे दुपारच्या रेडिओ-मालिकांना साबणाच्या कंपन्या प्रायोजक असत, त्यावरून तो रूढ झाला. भारतात १९८४ च्या 'हम लोग'ने दूरदर्शनवर या प्रकाराचा पाया घातला. बालाजी टेलिफिल्म्सने त्याचे रोज चालणाऱ्या कौटुंबिक मालिकेत रूपांतर केले. 'क्योंकि' २००८ पर्यंत चालली. तिचे १८०० हून अधिक भाग झाले.

१८/
रोजच्या मालिकेची ताकद तिच्या सातत्यात असते. चित्रपटातली खलनायिका तीन तासांनी विसरली जाते. मालिकेतली खलनायिका वर्षानुवर्षे घरातल्या माणसासारखी वावरते. लखनौमध्ये वाढलेल्या जया भट्टाचार्य यांना पायलने असे घरोघरचे नाव दिले. त्यांनी 'देवदास' चित्रपटात आणि पुढे 'थपकी प्यार की'सारख्या मालिकांत कामे केली. 'दिल्ली क्राइम'मध्ये पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. पण लोकांच्या लेखी त्या पायलच राहिल्या.

१९/
कलावंताचा चेहरा एखाद्या प्रश्नाला काय देऊ शकतो, याचे जगातले गाजलेले उदाहरण ब्रिजित बार्दोचे. या फ्रेंच अभिनेत्रीने १९७३ मध्ये चित्रपट सोडला. १९७७ मध्ये ती कॅनडाच्या बर्फात जाऊन सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध उभी राहिली आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी तो बर्फ पाहिला. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्याच्या आयातीवर बंदी आणली. त्यामागे अनेक संघटनांचे श्रम होते. बार्दोने त्या श्रमांकडे जगाची नजर वळवली.

२०/
जया भट्टाचार्य यांचे काम याहून वेगळ्या जातीचे. त्यांच्या 'थँक यू अर्थ' या उपक्रमातून जखमी आणि टाकून दिलेल्या जनावरांची सुटका, उपचार, खाणे अशी कामे होतात. त्यात बर्फावरचे भव्य छायाचित्र नाही. मोडलेला पाय, खरजेने गेलेले केस, डॉक्टरांची बिले, आणि मदतीसाठी लोकांना पुन्हा पुन्हा घातलेली साद, असे हे दैनंदिन काम आहे. मालिकेच्या चित्रीकरणासारखेच तेही रोज करावे लागते. फरक इतकाच, की इथे मुखपट्टीआड चेहराही ओळखू येत नाही.

२१/
टाळेबंदीने या कामाची गरज उघडी केली. २२ मार्च २०२०च्या जनता संचारबंदीपाठोपाठ उपनगरी लोकल थांबली. अत्यावश्यक सेवकांसाठी ती १५ जूनला मर्यादित स्वरूपात सुरू झाली. शहरी कुत्रा रानटी प्राणी नाही. फलाटावर सांडलेला वडापाव, टपरीवरचे बिस्कीट, उपाहारगृहामागची खरकटी बादली यांवर तो जगतो. माणसे घरात गेली आणि एका रात्रीत त्याचे अन्नच बंद झाले. पशुकल्याण मंडळाने राज्यांना कळवून प्राण्यांना खाऊ घालणाऱ्यांना बाहेर पडू देण्याची विनंती केली, ती यामुळेच.

२२/
त्या महिन्यांत केवळ एक अभिनेत्री बाहेर पडली नाही. चर्चगेटपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक वस्तीत कुणी निवृत्त कारकून, कुणी महाविद्यालयीन मुलगा, कुणी घरकाम करणारी बाई भाताचे पातेले घेऊन निघत होती. त्यांची नावे कुठे छापून आली नाहीत. प्रसिद्ध चेहऱ्याने एवढेच साधले, की या अनाम माणसांच्या कामाला बातमीत जागा मिळाली. त्याच मे महिन्यात जयाबाईंच्या मृत्यूची अफवाही पसरली होती, आणि आपण जिवंत असून काम करत आहोत, हे त्यांना स्वतःच सांगावे लागले.

२३/
आता विरोधकांची बाजू. खाऊ घातल्याने कुत्रे वाढतात, एका जागी गोळा होतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर जातात, अशी तक्रार असते. ती उडवून लावण्यासारखी नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यांमुळे उद्भवतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळपास नसते. दंशाचे बळी मोठ्या प्रमाणात लहान मुले असतात. पहाटे कामावर जाणारी सफाई कामगार बाई आणि शाळेत चालत जाणारे मूल यांना मोटारीची काच नसते.

२४/
मात्र त्याच संघटनेच्या मते एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. लस द्यायची तर कुत्रा हाती लागला पाहिजे, आणि इथेच वाटीचे महत्त्व कळते. अनोळखी पथक जाळे घेऊन आले की कुत्रे पांगतात. रोज भाकरी देणाऱ्याच्या हाकेला मात्र ते येतात. कोणत्या गल्लीत किती कुत्रे, कोणती मादी गाभण, कोणाची नसबंदी राहिली, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. नुसते खाऊ घालणे म्हणजे अर्धे काम; खाऊ घालून लस आणि नसबंदीपर्यंत नेणे हे पूर्ण काम.

२५/
२०२३ मध्ये आलेल्या नव्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांना समाजातील प्राणी मानले आणि खाऊ घालण्याच्या जागा व वेळा ठरवण्याची जबाबदारी स्थानिक रहिवाशांवर टाकली. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने, प्रवेशद्वारे टाळायची हा त्यातला व्यवहार. मग ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली आणि परिसरातले सर्व भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, आणि देश पुन्हा दोन गटांत विभागला गेला.

२६/
२२ ऑगस्टला त्रिसदस्यीय पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले आणि आक्रमक मात्र सोडू नयेत. वाटेल तिथे खाऊ घालू नये, त्यासाठी पालिकांनी ठरावीक जागा नेमाव्यात. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणचे कुत्रे उचलून ते तिथे परत सोडू नयेत. १८३२ मध्ये मध्यस्थांनी सुचवलेला 'शहराबाहेर नेऊन सोडा' हा पर्याय आणि हा आदेश शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे वाद किती जुना आहे ते कळते. बाहेर म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

२७/
या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणार आहे ते मध्य रेल्वेवरच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या शहरांना. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारकालीन शिल्पींनी त्याच्या भिंतींवर माणसांबरोबर पशूंनाही जागा दिली. बदलापूरचे नाव तर जनावरांवरूनच पडले असे सांगतात. कोकण, गुजरातच्या वाटेवर इथे थकलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. उल्हासनगरला हे नाव मिळाले १९४९ मध्ये, कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाल्यावर.

२८/
म्हणजे एक गाव दगडातल्या पशूंचे, एक घोड्यांच्या थांब्याचे, आणि एक घर हरवून आलेल्या माणसांचे. आज तिन्ही ठिकाणी मुंबईत घर न परवडणारी माणसे येऊन राहतात, नव्या इमारती उठतात, आणि बांधकामाच्या राखणीसाठी पाळलेले कुत्रे काम संपले की तिथेच सुटतात. महानगराच्या पालिकेजवळ जी यंत्रणा आणि जी रुग्णालये आहेत, ती लहान नगरपरिषदेजवळ त्या प्रमाणात नसतात. नियम मात्र सर्वांना एकच. म्हणून अशा शहरांत पालिकेचा पशुवैद्य आणि गल्लीतली वाटीवाली बाई यांनी एकमेकांना ओळखणे, हाच कमी खर्चाचा आणि टिकाऊ उपाय ठरतो.

२९/
जया भट्टाचार्य यांच्या कथेचे इतिहासातले स्थान इथे आहे. १८३२ मध्ये कुत्र्याच्या बाजूने धर्मश्रद्धा उभी होती. १८७४ मध्ये धनिकांचे दान. १९५३ मध्ये एका नर्तकीचे विधेयक. १९९४ नंतर शास्त्र आणि नियम. २०२० मध्ये यातले काहीच रस्त्यावर दिसत नव्हते. धर्मस्थळे बंद, कचेऱ्या बंद, न्यायालयांचे काम तुटपुंजे. उरली होती ती रोज ठरल्या वेळी येणारी माणसे. कायदा आणि दान यांना शेवटी अशाच एका माणसाच्या हातातून कुत्र्यापर्यंत पोहोचावे लागते.

३०/
आज संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाकडे नीट पाहा. कानाच्या टोकाला सरळ काप किंवा इंग्रजी 'व्ही'सारखी खाच असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी त्याला रेबीजची लसही मिळाली आहे. खाच नसेल, तर आपल्या पालिकेचे काम अजून त्या गल्लीपर्यंत पोहोचलेले नाही, आणि ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आठ आण्यांचे बक्षीस कधीच बंद झाले. वाटी अजून फिरते आहे. तिच्यामागोमाग लसही फिरावी, एवढेच आता करायचे उरले आहे.